चार्ल्स पार्सन्स आणि पाण्याचा थेंब

वऱ्हाडातील एखाद्या जुन्या वाड्याच्या पागोळ्या जेथे पडतात, तेथील दगड कधी निरखून पाहा. त्यांवर ओळीने लहान लहान खळगे पडलेले दिसतील. कोणा पाथरवटाने ते छिन्नीने पाडलेले नसतात; वर्षानुवर्षे एकाच जागी पडणाऱ्या पाण्याच्या थेंबांनी ते कोरलेले असतात. खेड्यातील मातीच्या घराकडे पाहिले तर हीच गोष्ट अधिक लवकर ध्यानात येते. ज्या बाजूने पावसाचा मारा येतो, त्या भिंतीचे लिंपण श्रावण सरेपर्यंत धुऊन निघते, आतील माती उघडी पडते आणि मग एका झडीत भिंतीचा पोपडाच्या पोपडा खाली येतो. म्हणून शहाणा घरधनी मृग निघण्यापूर्वीच त्या बाजूला तुऱ्हाट्यांचा किंवा पऱ्हाट्यांचा आडोसा करून घेतो. भिंतीचे रक्षण लिंपण करते. पण लिंपणाचेही रक्षण कोणीतरी करावेच लागते.

पाण्यासारखा मऊ पदार्थ दगडासारख्या कठीण पदार्थाला कसा झिजवितो, हा प्रश्न आपल्यापैकी पुष्कळांना पडत असेल आणि पडल्याबरोबर आपण तो विसरूनही जात असू. पण एका माणसाला तो विसरता येणे शक्य नव्हते. कारण त्याने बनविलेली पोलादाची यंत्रेच पाण्याने खाल्ली जाऊ लागली होती. त्या माणसाचे नाव सर चार्ल्स पार्सन्स. त्यांच्या कल्पनेतून जन्मलेले यंत्र आज वऱ्हाडातही रात्रंदिवस फिरत असते.

शेगावहून अकोल्याकडे आगगाडीने जाताना वाटेत पारस नावाचे स्टेशन लागते. तेथील वीजकेंद्राच्या उंच चिमण्या दुरूनच नजरेत भरतात. १९६० नंतरच्या दशकात या केंद्रातून वीज मिळू लागली. ते जुने संच आता बंद झाले असून त्यांची जागा २५० मेगावॉटच्या दोन मोठ्या संचांनी घेतली आहे. अमरावतीजवळ नांदगावपेठ येथेही असेच एक केंद्र उभे राहिले आहे. कोळशापासून वीज होते असे आपण सहज म्हणतो. परंतु कोळसा फक्त पाण्याची वाफ करतो. ती वाफ शेकडो पात्यांच्या एका चक्रावरून सोडतात, चक्र मिनिटाला ३००० फेऱ्या घेऊ लागते आणि त्याच्या आसाला जोडलेले जनित्र वीज निर्माण करते. या चक्राला टर्बाइन म्हणतात. वाफेच्या टर्बाइनला कामास येईल असे रूप प्रथम पार्सन्स यांनी दिले.

चार्ल्स पार्सन्स यांचा जन्म १३ जून १८५४ रोजी लंडन येथे झाला. पण त्यांचे बालपण गेले आयर्लंडमधील बर या गावच्या वडिलोपार्जित किल्ल्यात. त्यांचे वडील, रॉसचे तिसरे अर्ल, मोठे सरदार असूनही त्यांचा जीव रमत असे तो भट्टीजवळ आणि दुर्बिणीपाशी. त्यांनी किल्ल्याच्या आवारात सहा फूट व्यासाच्या आरशाची एक प्रचंड दुर्बीण उभारली होती. १८४५ मध्ये ती कामास लागली आणि त्यानंतर कित्येक दशके तिच्याएवढी मोठी दुर्बीण जगात दुसरी नव्हती. त्या काळी असे आरसे काचेचे नसत. तांबे आणि कथील यांच्या मिश्रधातूचे ओतीव काम करून ते घासून चकचकीत करीत. आयर्लंडची हवा फार दमट. काही महिन्यांतच आरशाची झिलई मंद होई. म्हणून एकसारखे दोन आरसे करून ठेवले होते. एक दुर्बिणीत असताना दुसरा घासण्यास घेत. चकाकणारा पृष्ठभाग फार दिवस तसाच टिकत नाही, हे चार्ल्सला घरातच पाहावयास मिळाले.

चार्ल्स कधीच शाळेत गेला नाही. वेधशाळेत मदत करणारे विद्वान तरुणच त्याला व त्याच्या भावांना घरी शिकवीत. शिकणे संपले की मुले वडिलांच्या कारखान्यात शिरत आणि लोखंड, लाकूड, कानस यांच्याशी खेळत. सरदाराच्या मुलांचे हात तेलाने काळे झालेले पाहून पाहुण्यांना काय वाटत असेल कोण जाणे. पण या मुलाचे खरे शिक्षण तेथेच झाले, असे मला वाटते. तो तेरा वर्षांचा असताना, १८६७ मध्ये, वडील वारले. पुढे डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजात व नंतर केंब्रिजला त्याने गणिताचा अभ्यास केला आणि १८७७ मध्ये केंब्रिजच्या गणिताच्या अवघड परीक्षेत अकरावा क्रमांक मिळविला.

अशा तरुणाला एखादी मानाची जागा सहज मिळाली असती. त्याने मात्र न्यूकॅसलजवळ आर्मस्ट्राँग यांच्या कारखान्यात उमेदवारी पत्करली आणि तो चार वर्षे सामान्य कारागिरांबरोबर काम शिकत राहिला. नंतर काही काळ लीड्स येथे काढून १८८४ मध्ये पार्सन्स गेट्सहेड येथील क्लार्क चॅपमन या कारखान्यात भागीदार म्हणून आले. जहाजांवर विजेचे दिवे लावण्याचे काम त्यांच्याकडे होते. वीज करणारे जनित्र फार वेगाने फिरवावे लागे. परंतु त्या काळचे वाफेचे एंजिन दट्ट्याच्या पुढेमागे हालण्यावर चालत असल्यामुळे संथ होते. पार्सन्स यांच्या मनात आले, की वाफेने दट्ट्या ढकलण्यापेक्षा पवनचक्कीप्रमाणे चक्रच का फिरवू नये?

ही कल्पना नवी नव्हती. तिच्यात अडचण होती ती वेगाची. भरपूर दाबाची वाफ एका झोतात बाहेर सोडली तर तिचा वेग इतका भयंकर असतो, की तिचा पुरता उपयोग करून घेण्यासाठी चक्रालाही तशाच वेगाने फिरावे लागते. आणि तेवढ्या वेगात त्या काळचे पोलाद टिकले नसते. पार्सन्स यांनी यावर जी युक्ती काढली ती मोठी सुंदर आहे. उंच कड्यावरून कोसळणाऱ्या पाण्याला जर लहान लहान पायऱ्यांवरून उतरविले, तर प्रत्येक पायरीवर त्याचा जोर बेताचाच राहतो. त्याचप्रमाणे त्यांनी वाफेचा दाब एकदम न सोडता पात्यांच्या अनेक ओळींतून थोडा थोडा उतरविला. एक ओळ स्थिर, तिच्यापुढे एक फिरती, पुन्हा एक स्थिर, अशी ती रचना. १८८४ मध्ये तयार झालेले त्यांचे पहिले यंत्र मिनिटाला १८००० फेऱ्या घेई आणि सुमारे साडेसात किलोवॉट वीज देई.

१८८९ मध्ये भागीदारांशी मतभेद होऊन पार्सन्स त्या कारखान्यातून बाहेर पडले आणि हीटन येथे त्यांनी स्वतःचा कारखाना काढला. पण पेटंटाचे हक्क जुन्या कारखान्याकडेच राहिले. आपलीच कल्पना आपल्याला वापरता येऊ नये, असा तो प्रसंग होता. त्यांनी कुरकुर न करता वेगळ्या रचनेचे टर्बाइन बनविले आणि १८९४ मध्ये जुने हक्क परत मिळताच पुन्हा मूळ मार्ग धरला.

त्याच वर्षी त्यांनी टर्बाइनवर चालणारी सुमारे शंभर फूट लांबीची एक नौका पाण्यात सोडली. तिचे नाव टर्बिनिया. यंत्रात जोर पुष्कळ होता, तरी नौका अपेक्षेप्रमाणे धावेना. पंखे बदलून पाहिले, पुन्हा पुन्हा चाचण्या घेतल्या. वेग ताशी वीस सागरी मैलांच्या आतच अडकून राहिला. पार्सन्स यांनी मग पाण्याच्या एका लहान टाकीत छोटा पंखा फिरविला आणि क्षणाक्षणाला चमकणाऱ्या प्रकाशात तो पाहिला. तेव्हा उलगडा झाला. पंखा इतक्या जोरात फिरत होता, की मागील पाण्याला त्याच्या पाठोपाठ धावणे जमत नव्हते. पात्याच्या पाठीशी पोकळ्या निर्माण होत होत्या आणि पंखा पाणी कापण्याऐवजी जवळजवळ रिकाम्या जागेतच फिरत होता. पार्सन्स यांनी एका दांड्याऐवजी तीन दांडे बसविले व प्रत्येकावर तीन तीन पंखे घातले. वेग ताशी चौतीस सागरी मैलांवर, म्हणजे तासाला सुमारे त्रेसष्ट किलोमीटरवर गेला.

२६ जून १८९७ रोजी राणी व्हिक्टोरियाच्या राज्यारोहणाच्या साठाव्या वर्षानिमित्त स्पिटहेड येथे इंग्लंडच्या आरमाराचे संचलन होते. युद्धनौकांच्या रांगा स्थिर उभ्या असताना त्यांच्या मधून टर्बिनिया बाणासारखी निघाली. पहाऱ्याच्या बोटी तिच्यामागे लागल्या; पण तिला गाठणे एकीलाही जमले नाही. त्यानंतर आरमाराने टर्बाइनवर चालणाऱ्या दोन नौका घेतल्या. दुर्दैवाने १९०१ मध्ये त्या दोन्ही समुद्रात गेल्या. एक खडकावर आदळली आणि दुसरी वादळी समुद्रात दुभंगली. त्या दुसऱ्या नौकेवर पार्सन्स यांच्या कारखान्यातील माणसेही होती. हा घाव मोठा होता. तरी दोष टर्बाइनचा नव्हता हे स्पष्ट झाले आणि पुढे १९०७ मध्ये मॉरिटेनियासारखे प्रचंड प्रवासी जहाजही टर्बाइनवरच चालू लागले.

आता मूळ गोष्टीकडे येऊ. जहाजे मोठी आणि वेगवान झाली तशी एक विचित्र तक्रार ऐकू येऊ लागली. पितळेसारख्या चिवट धातूचे भक्कम पंखे काही महिन्यांतच मधाच्या पोळ्याप्रमाणे खड्ड्याखड्ड्यांचे होत. समुद्राचे खारे पाणी धातूला खाते, असे पुष्कळांचे मत होते. पार्सन्स आणि त्यांचे सहकारी स्टॅन्ली कुक यांनी १९१९ मध्ये आपले संशोधन प्रसिद्ध करून दाखविले, की खरा अपराधी मीठ नव्हे, पाण्याचा आघात आहे. पंख्यापाशी निर्माण झालेल्या पोकळ्या पुढे गेल्यावर मिटतात. चहूकडून धावून येणारे पाणी एका बिंदूत एकमेकांवर आदळते आणि तेथे धातूवर जणू घणाचा घाव बसतो. हे पटविण्यासाठी त्यांनी एक पोकळ शंकू घेतला, त्याच्या टोकाशी धातूची पातळ पत्री बसविली आणि शंकूतील पोकळी पाण्याखाली एकदम मिटू दिली. पाण्याने त्या पत्रीला आरपार भोक पाडले.

या वर्षांत पार्सन्स यांच्या घरावर मोठे दुःख कोसळले होते. त्यांचा एकुलता एक मुलगा १९१८ मध्ये पहिल्या महायुद्धात मारला गेला. त्यांची कन्या रेचल स्वतः यंत्रशास्त्र शिकलेली होती. १९१९ मध्ये स्त्री अभियंत्यांची संस्था स्थापन करण्यात तिने व तिच्या आईने पुढाकार घेतला.

जहाजांचे पंखे ज्या शत्रूने खाल्ले, तोच शत्रू वीजकेंद्रांतील टर्बाइनमध्येही शिरला. हे कसे घडले ते नीट समजून घेतले पाहिजे. टर्बाइनमध्ये शिरताना वाफ अतिशय तापलेली आणि कोरडी असते. एकेक ओळ ओलांडताना तिचा दाब उतरतो व ती थंड होत जाते. शेवटच्या ओळींपर्यंत येताना तिच्यातील काही भागाचे पाणी होते. हे पाणी स्थिर पात्यांवर पातळ थराच्या रूपाने जमते, त्यांच्या कडेपर्यंत ओघळते आणि तेथून थेंबाथेंबाने सुटते. थेंब जड असल्यामुळे त्याला वाफेबरोबर धावणे साधत नाही. तो मागे रेंगाळतो. तेवढ्यात मागून फिरते पाते येते आणि त्या थेंबावर धडकते. पाऊस भिंतीवर येऊन आदळतो. येथे भिंतच धावत येऊन पावसावर आदळते.

धडक किती वेगाची असते याचा हिशोब तुम्हीही करू शकाल. अडीच मीटर व्यासाचे चक्र घ्या. त्याचा परीघ सुमारे ७.८५ मीटर. ते मिनिटाला ३००० फेऱ्या घेते, म्हणजे सेकंदाला पन्नास. तेव्हा पात्याचे टोक सेकंदाला जवळजवळ ३९० मीटर जाते. आकाशातून पडणाऱ्या मोठ्यात मोठ्या पावसाच्या थेंबाचा वेग सेकंदाला सुमारे नऊ मीटरच असतो. हवा त्याला अडवून धरते म्हणून तो त्याहून वाढत नाही. तोच नऊ मीटरचा थेंब आपल्या लिंपणाची दशा करतो, तर त्याच्या चाळीस पटींहून अधिक वेगाची धडक पोलादाचे काय करीत असेल?

पोहावयास जाणाऱ्या मुलांना याचे उत्तर अंगानुभवाने ठाऊक आहे. विहिरीत हात जोडून, डोके खाली घालून सूर मारला तर पाणी सहज वाट देते. पण उडी चुकली आणि पोट सपाट आपटले, की तेच पाणी फळीसारखे लागते आणि कातडी लाल होते. पाण्याला बाजूला सरकण्यास सवड मिळाली तर ते मऊ. सवड न मिळाली तर ते दगडासारखे. थेंब अतिवेगाने आदळतो तेव्हा सेकंदाच्या दशलक्षांशाहूनही थोड्या वेळात तो जागच्या जागी कोंडला जातो आणि त्याखालील पोलादावर हवेच्या दाबाच्या हजारो पट दाब येतो. नळ एकदम बंद केला असता नळीत ठक्क असा आवाज होतो, तो याच जातीचा आघात. कुक यांनी १९२८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात या हातोड्याचे गणित मांडले आणि पात्यांची झीज थेंबांच्या आघाताने होणे सर्वस्वी शक्य आहे, हे दाखवून दिले.

एका घावाने काही होत नाही. लोखंडी तार एकदा वाकविली तर तुटत नाही. पुन्हा पुन्हा वाकविली म्हणजे तुटते. पात्याचेही तसेच. पुष्कळ दिवस त्याची धार जशीच्या तशी दिसते. आत मात्र केसाहून बारीक चिरा पडत असतात. मग एक कण निघतो, खळगा पडतो. दबलेला थेंब फुटताना त्याचे पाणी पृष्ठभागावरून चहूकडे प्रचंड वेगाने पळते आणि वाटेतील चिरेत घुसून तिचे ओठ उचकटते. पृष्ठभागावर दिलेला लेप असेल तर त्याच्या सांध्याखाली ते शिरते. म्हणून एकदा खडबडीतपणा आला, की पुढील झीज झपाट्याने होते. चुन्याच्या गिलाव्याचा पहिला पोपडा निघण्यास वर्षे लागतात, पण नंतरचे पोपडे एका पावसाळ्यात निघतात, त्यातलाच हा प्रकार.

यावर इलाज निघाले. फिरत्या पात्याच्या ज्या कडेवर थेंब आदळतात, त्या कडेवर अतिशय कठीण धातूची एक पट्टी झाळून बसवू लागले. कोबाल्ट आणि क्रोमियम यांच्या अशा एका मिश्रधातूला स्टेलाइट म्हणतात. काही ठिकाणी पात्याची कडच तापवून टणक करतात. टर्बाइनच्या पोटात पन्हळी काढून पाणी पात्यांपर्यंत पोहोचण्यापूर्वीच बाहेर काढून देतात; आणि वाफ वाटेत पुन्हा तापवून घेतात, म्हणजे शेवटी तिच्यात पाणी कमी होते. आपला खेड्यातील घरधनी हेच करतो. भिंतीला कणखर लिंपण देतो आणि वळचण लांब ठेवून पाणी भिंतीपासून दूर पाडतो.

पार्सन्स यांना मानसन्मान पुष्कळ मिळाले. १८९८ मध्ये ते रॉयल सोसायटीचे सदस्य झाले, १९११ मध्ये सर झाले, १९२७ मध्ये त्यांना ऑर्डर ऑफ मेरिट हा फार थोड्यांना मिळणारा बहुमान लाभला. साडेसात किलोवॉटच्या पहिल्या यंत्रापासून निघून १९१२ मध्ये त्यांनी शिकागो शहरासाठी २५००० किलोवॉटचे यंत्र बनविले. त्यांना अपयशही आले. कृत्रिम हिरा तयार करण्याच्या मागे त्यांनी अनेक वर्षे आणि बराच पैसा घातला. हिरा काही झाला नाही, आणि तो झाला नाही हे त्यांनी मोकळेपणाने सांगून टाकले. म्हातारपणी वडिलांची आठवण जागी झाली की काय, त्यांनी दुर्बिणी बनविणारा एक कारखाना विकत घेतला. ११ फेब्रुवारी १९३१ रोजी समुद्रप्रवासात असताना जमैका बेटावरील किंग्स्टन बंदरात त्यांचे देहावसान झाले. त्यांची टर्बिनिया नौका न्यूकॅसलच्या संग्रहालयात जपून ठेवलेली आहे.

थेंबाशी चाललेला झगडा मात्र मिटलेला नाही. सातारा जिल्ह्यातील वनकुसवड्याच्या पठारावर वाऱ्यावर फिरणाऱ्या विजेच्या चक्क्या उभ्या आहेत. अशा मोठ्या चक्कीचे पाते काचतंतू आणि राळ यांचे असते आणि त्यावर रंगाचा संरक्षक लेप असतो. पात्याचे टोक सेकंदाला सत्तर-ऐंशी मीटर वेगाने पावसातून धावते. त्यामुळे पुढच्या कडेवरील लेप प्रथम झिजतो, खालचे तंतू उघडे पडतात, पाते खडबडीत होते आणि त्याच वाऱ्यात चक्की कमी वीज देते. मग पाऊस ओसरल्यावर दोरांच्या आधाराने पात्यापाशी लोंबकळत कारागीर ती कड घासतात आणि तिच्यावर नवा लेप चढवितात. कारण ओल्या पृष्ठभागावर लेप धरत नाही. विमानाच्या नाकाडावरील रंगाचीही पावसात हीच गत होते.

पारससारख्या वीजकेंद्रात काही वर्षांनी एकदा टर्बाइन थांबवून उघडतात. तिचे अवजड झाकण यारीने उचलले, की अभियंते शेवटच्या ओळीकडे वळतात, विजेरीच्या उजेडात एकेका पात्याच्या कडेवरून बोट फिरवितात आणि कोठे खडबडीत लागते ते पाहतात.